वीज गेली तर आणि वादळ आलं तर: तारकर्लीतल्या व्यवसायाच्या संगणकासाठी दोन वेगळ्या तयाऱ्या

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं. दुसऱ्या रात्री ते गुजरातमध्ये जमिनीवर चढलं, पण मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचं व्हायचं ते नुकसान तोवर होऊन गेलं होतं. माड, आंबे तारांवर पडले, खांब मोडले, मोबाइलची रेंज गेली आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. कोविडच्या निर्बंधांमुळे तेव्हा पर्यटन थंडावलेलं होतं, म्हणून होमस्टेवाल्यांच्या हिशेबाचं आणि बुकिंगचं काय झालं हा प्रश्न फारसा पुढे आला नाही. पण त्याआधी, २०१९ च्या ऑक्टोबरात, क्यार वादळाने ऐन दिवाळीत समुद्र खवळवला होता. लक्ष्मीपूजन २७ तारखेला होतं आणि वादळ २५ च्या सुमारास कोकणासमोर होतं. तौक्तेएवढी पडझड अशा आठवड्यात झाली, सगळ्या खोल्या भरलेल्या असल्या, पुढच्या पंधरा दिवसांचे ॲडव्हान्स घेतलेले असले आणि कोणाचं बुकिंग कधीचं हे फक्त एका लॅपटॉपमध्ये असलं, तर त्या घराचा हंगाम कसा वाचवायचा? पुढची कृती त्यासाठी आहे.

तयारी दोन प्रकारची असते आणि त्यांची गल्लत महागात पडते. पहिली तयारी बिघाड पचवण्याची. संगणकवाले तिला फॉल्ट टॉलरन्स म्हणतात. वीज गेली, राउटर बसला, एक डिस्क मेली, तरी काम थांबत नाही आणि पाहुण्याला कळतही नाही. दुसरी तयारी आपत्तीतून उभं राहण्याची, म्हणजे डिझास्टर रिकव्हरीची. इथे काम थांबलेलंच असतं. यंत्र गेलेलं असतं, कदाचित ऑफिसची खोलीही. आता ठरलेल्या वेळात, दुसऱ्या जागेवरून, जपून ठेवलेल्या प्रतीच्या आधारे व्यवहार पुन्हा चालू करायचा असतो. पहिल्या तयारीत जोडीची वस्तू हाताशी लागते. दुसरीत ती जितकी लांब तितकी बरी. इन्व्हर्टर, दुसरं नेट, जोडडिस्क हे सगळं पहिल्या तयारीत येतं आणि ते घेतलं की माणूस निर्धास्त होतो. वादळ मात्र मूळ वस्तू आणि तिची जोडी एकाच झटक्यात नेऊ शकतं.

ही कृती सात-आठ खोल्यांचा होमस्टे, जोडीला खानावळ आणि स्कुबाची बुकिंग असलेल्या कुटुंबासाठी लिहिली आहे. मोठ्या रिसॉर्टला आकडे बदलावे लागतील, क्रम तोच राहील.

साहित्य

डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप एक. जुना चालू लॅपटॉप असल्यास तोही मोडीत काढू नका, शेवटच्या पायरीला लागेल. एक टेराबाइटच्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क तीन. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी. फायबरचं एक कनेक्शन आणि दुसऱ्या कंपनीचं सिम. रबरी कडेचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. साधा प्रिंटर. दोनशे पानी वही. आणि तारकर्लीपासून लांब राहणारा, विश्वासाचा एक माणूस. या यादीत मिळायला सर्वांत अवघड हा माणूसच, पण कोकणातल्या घरांना तो बहुधा मुंबईत किंवा पुण्यात मिळतो.

पायरी १: कोणाबरोबर काय पडतं ते लिहा

वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे धंदा ज्यावर चालतो त्या सगळ्या गोष्टी लिहा: वीज, नेट, लॅपटॉप, बुकिंगचा फोन, बुकिंगची यादी, टॅलीतला हिशेब, यूपीआय, पाहुण्यांची ओळखपत्रं. उजवीकडे प्रत्येकासमोर लिहा, ‘हे कशाबरोबर पडेल?’

दुसरा रकाना भरताना घाई करू नका. तारकर्ली-देवबाग हा कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधला अरुंद पट्टा आहे. मालवणहून वायरीमार्गे येणाऱ्या रस्त्याच्या कडेनेच बहुतेक सगळं येतं. फायबरची केबल पुष्कळ ठिकाणी विजेच्या खांबांवरूनच ओढलेली असते. दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं घेतली आणि दोन्ही केबली एकाच खांबावरून आल्या, तर बिलं दोन आणि भरवसा एकाचाच. मोबाइलचंही तसंच आहे: एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्यांची यंत्रं बसवलेली असतात आणि मनोऱ्याची बॅटरी संपली की सगळ्यांची रेंज एकदम जाते. म्हणून केबल टाकणाऱ्या मुलाला आणि गावच्या वायरमनला गाठा आणि आपली लाइन कोणत्या खांबांवरून, कुठून येते ते प्रत्यक्ष चालत जाऊन पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. कुठली तयारी खरी आणि कुठली नुसती जोडीला जोड, हे त्या फेरीत कळतं.

रकाना भरून झाला की ज्या गोष्टी एकमेकींबरोबर पडतात त्यांना एकाच रंगाने गोल करा. त्या गोलातली कुठलीही वस्तू दुसरीचा आधार धरायची नाही.

पायरी २: दोन आकडे ठरवा

प्रत्येक गोष्टीसमोर आता दोन आकडे लिहायचे. पहिला: हे किती वेळ बंद राहिलं तर चालेल? दुसरा: किती वेळाच्या नोंदी कायमच्या गेल्या तर चालतील? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी येतात. टॅली आठवडाभर उघडलं नाही तरी होमस्टे चालतो, पण त्यातला वर्षाचा हिशेब गेला तर जीएसटीच्या वेळी डोकं धरून बसावं लागतं. यूपीआयचं उलट: दुपारभर बंद पडलं तर पंचाईत, पण त्यातल्या नोंदी बँकेत सुरक्षित असतात.

हे आकडे मोठ्या संस्थाही असेच ठरवतात. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. त्या दिवशी बाजार पाचपर्यंत चालवावा लागला. पर्यायी केंद्र होतं, पण कामकाज तिकडे हलवलं गेलं नाही. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये बाजारनियामक सेबीने बाजारांना बजावलं: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा, तिथून ४५ मिनिटांत पुन्हा उभे राहा, आणि १५ मिनिटांपेक्षा जास्त काळाची नोंद जाता कामा नये. तुम्हाला ४५ मिनिटांची गरज नाही. माझ्या मते तारकर्लीच्या होमस्टेला हे पुरतं: पुढच्या सात दिवसांच्या बुकिंगची यादी कधीही, तत्काळ हाती हवी, नवी बुकिंग घेणं सहा तासांत पुन्हा सुरू व्हावं, हिशेब सात दिवसांत उभा राहावा आणि त्यातल्या फार तर एका दिवसाच्या नोंदी पुन्हा लिहाव्या लागाव्यात. फोटो आणि जाहिरातीचं साहित्य महिनाभर नसलं तरी काही अडत नाही.

पायरी ३: रोजचे बिघाड पचवा

वीज. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. ती पूर्ण रिकामी करायची नाही आणि इन्व्हर्टरमध्येही काही वाया जातं, म्हणून हाती हजार-बाराशे धरा. लॅपटॉप, राउटर, फायबरची डबी आणि एक एलईडी दिवा मिळून शंभराच्या आत राहतात, म्हणजे दहा-बारा तास निघतात. पण त्याच इन्व्हर्टरवर खोल्यांचे पंखे टाकले तर एकेक पंखा पाऊणशे वॅट ओढतो आणि संध्याकाळची वीज गेली की जेवणं उरकायच्या आत बॅटरी बसते. ऑफिसची वायर वेगळी काढा. इलेक्ट्रिशियन कुरकुर करेल, तरी काढून घ्या. राउटर आणि फायबरची डबी यांना स्वतःचा छोटा यूपीएस द्या, म्हणजे वीज इन्व्हर्टरवर जाताना नेट तुटत नाही.

अर्थिंग. याकडे किनाऱ्यावर फार दुर्लक्ष होतं, म्हणून जरा थांबून सांगते. वाळू मे महिन्यात कोरडी पडली की अर्थिंगचा जमिनीशी संपर्क कमी होतो आणि खाऱ्या ओलीने गॅल्व्हनाइज्ड सळई आतून खाल्ली जाते. वरून खड्डा दिसतो, आत काही उरलेलं नसतं. दरवर्षी वळवाआधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर खड्डा उघडायला लावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात लॅपटॉपचा चार्जर आणि राउटरमधली तांब्याची लॅन केबल, दोन्ही काढून ठेवा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण त्याच्या डबीच्या अडॅप्टरमधून येते.

खारं वारं. लॅपटॉप समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका. यूएसबीच्या तोंडावर हिरवट बुरशीसारखा थर दिसला म्हणजे आतही गंज सुरू झालेला असतो. रात्री तो कपाटात, सिलिका जेलबरोबर.

नेट. फायबर गेलं की दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून हॉटस्पॉट. मात्र पायरी १ मधली फेरी मारूनच ती कंपनी निवडा.

पैसे. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय अडलं होतं. अशा वेळी दोष तुमच्या फोनचा नसतो. दोन बँकांचे दोन क्यूआर काउंटरवर असावेत, आणि गल्ल्यात दोन दिवसांच्या सुट्या पैशांची सोय असावी.

माणूस. सगळे पासवर्ड आणि बुकिंगची रीत एकट्यालाच ठाऊक असेल तर तो माणूस तापाने पडला तरी धंदा बंद. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आठवड्यातून एक दिवस पूर्ण काउंटर सांभाळावं.

इथपर्यंतची सगळी तयारी नेहमीच्या दिवसांची आहे. तिच्या बळावर वादळाची रात्र निघेल, वादळानंतरचा आठवडा निघणार नाही.

पायरी ४: आरशावर विसंबू नका

दुकानदार दोन डिस्कांची जोडी सुचवतात, जिच्यात एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवर उमटतं. एक डिस्क मेली तर काम चालू राहतं; त्या कामासाठी ती उत्तम आहे. पण तुम्ही चुकून मे महिन्याची बुकिंग पुसली तर ती दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्ही कुलूपबंद होतात. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरचीही गत अशीच: संगणकावर पुसलं की वरही पुसलं जातं. ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, तेवढाच काय तो दिलासा. मे महिन्यातली चूक गणपतीत लक्षात आली तर तीही गेलेली असते.

बिघाड पचवणाऱ्या सोयीला ताजेपणा लागतो. आपत्तीसाठी लागणारी प्रत जुनी असली तर चालते, किंबहुना थोडी जुनी असावीच लागते, आणि ती यंत्रापासून सुटलेली असावी लागते. कुठल्याही तारेने न जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोहोचू शकत नाही.

पायरी ५: तीन डिस्क, दोन गावं

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक बाहेरगावी: ३-२-१ हा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला. तारकर्लीत तो असा बसवा.

डिस्कांवर अ, ब आणि क अशी पक्क्या शाईने नावं घाला. अ आणि ब घरी. सोमवारी अ वर, पुढच्या सोमवारी ब वर सगळं उतरवा. उतरवून झालं की डिस्क काढून हवाबंद डब्यात, डबा माळ्यावर. जमिनीलगतच्या कपाटात कधीच नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या तळमजल्यांवरची दुकानं, कार्यालयं आणि वाचनालयाचे ग्रंथ पाण्यात गेले. एसटी आगाराचे व्यवस्थापक काही लाखांची रोकड वाचवण्यासाठी बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. देवबागेत भरतीचं पाणी अंगणात येणं नवीन नाही, त्यामुळे उंचीचा विचार आपल्यालाही करायला हवा.

टॅलीत Alt+Y चा डेटा मेनू उघडून बॅकअप घेता येतो. तो टॅलीच्याच फोल्डरमध्ये टाकू नका, थेट डिस्कवर तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. बुकिंगची एक्सेल फाइलही रोज रात्री तारीख घालून वेगळ्या नावाने जतन करा. जुनीवर नवी चढवू नका.

आता क. ही डिस्क तारकर्लीत राहायची नाही, मालवणातही नाही, कारण तारकर्लीवर येणारं वादळ मालवणला सोडत नाही. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीच्या संगणककेंद्राची एक इमारत आगीत जळाली. ज्या ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी काहींचं सगळंच गेलं. पैसे भरून घेतलेला बॅकअप होता, जागा मात्र तीच होती.

क डिस्कची ने-आण करायला कुरियर नको. गणपतीला चाकरमानी गावाला येतात, शिमग्याला येतात, मेच्या सुट्टीत येतात. मुंबईचा भाऊ किंवा मावशी येताना जुनी क घेऊन येईल. तिच्यावर तुम्ही ताजी प्रत उतरवाल. परत जाताना ती त्यांच्या पिशवीत जाईल. वर्षातून तीनदा, काहीही वेगळा खर्च न करता, तुमच्या धंद्याची पूर्ण प्रत तारकर्लीपासून लांब जाऊन बसते. या दोन खेपांमधल्या काळातली रोजची भर, म्हणजे टॅलीचा बॅकअप आणि बुकिंगची फाइल, रोज रात्री तारखेच्या नावाने ड्राइव्हवर चढवा; ती या ऑनलाइन प्रतीने भरून निघते. दोन्ही मिळून पुरतं, एकट्याने नाही.

डिस्कवर पाहुण्यांच्या आधारच्या प्रती असतील तर डिस्क पासवर्डने कुलूपबंद करा. त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. त्याहून चांगलं म्हणजे पहिले आठ अंक झाकलेलाच आधार घ्या आणि काम झाल्यावर प्रत काढून टाका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर दुसऱ्याच्या ओळखपत्रांचा साठा हे ओझंच आहे.

पायरी ६: चाव्या आपल्यापासून दूरही ठेवा

बहुतेक होमस्टेंचं खरं बुकिंग रजिस्टर व्हॉट्सॲपमध्ये असतं हे मान्य करून टाकू या. फोन समुद्रात पडला तर काय, याचं उत्तर आज द्या.

नवं सिम मिळतं, पण सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचे ओटीपीही येत नाहीत. म्हणून बुकिंगचा नंबर आणि बँकेचा नंबर एकच ठेवू नका. व्हॉट्सॲपचा चॅट बॅकअप रोजचा लावा, आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन वहीत लिहा. गूगल खात्यासाठी दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक आठ अंकी. ते छापून एक प्रत डब्यात, दुसरी मुंबईत.

आणखी एक सोय आहे, तिचा वापर फार थोडे लोक करतात. व्हॉट्सॲपला चार जोडउपकरणं लावता येतात आणि मूळ फोन बंद असला तरी ती चालू राहतात. फोन चौदा दिवसांपेक्षा जास्त वापरात नसला तर मात्र ती तुटतात. मुंबईच्या माणसाच्या संगणकावर तुमचं बिझनेस व्हॉट्सॲप जोडून ठेवा. तारकर्ली अंधारात असताना पुण्याहून निघालेल्या पाहुण्याच्या ‘येऊ का?’ या प्रश्नाला तिथून उत्तर जाईल.

पायरी ७: कागद

रोज रात्री नऊ वाजता एक पान छापा: पुढच्या सात दिवसांत कोण येणार, फोन, माणसं किती, ॲडव्हान्स किती, बाकी किती. प्रिंटर बंद असेल तर हाताने लिहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले, तेव्हा तिथलं काम कित्येक दिवस कागदावर चाललं. एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कागद लागला. आपण तो कमीपणाचा मानायचं कारण नाही.

स्कुबाची बुकिंग घेत असाल तर बोटीवर चढलेल्या प्रत्येकाचं नाव असलेली यादी किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात, कागदावरच असली पाहिजे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. अशा वेळी बोटीवर कोण होतं याचं उत्तर चार्जिंग, रेंज किंवा पासवर्ड यांपैकी कशावरही अवलंबून असता कामा नये. बाकी पायऱ्यांत तडजोड करा, या एका गोष्टीत नको.

पायरी ८: वादळाच्या तासांना कामं बांधा

हवामान विभागाचे इशारे टप्प्याटप्प्याने येतात: धोक्याआधी ७२ तासांच्या आसपास पहिली पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी वादळाचा इशारा. बंदरावर बावटा चढतो तोही डोळ्यांसमोर असतो. प्रत्येक टप्प्याला आपलं काम आधीच ठरलेलं असलं की धावपळीत विचार करावा लागत नाही.

७२ तास: अ आणि ब दोन्हींवर ताजी प्रत. मुंबईला फोन, ‘या आठवड्यात तयार राहा’.

४८ तास: ऑनलाइन संकेतस्थळांवरची पुढच्या पाच दिवसांची विक्री बंद. येणाऱ्या पाहुण्यांना स्वतः फोन. सात दिवसांच्या यादीचा फोटो मुंबईला.

२४ तास: लॅपटॉप, राउटरचा यूपीएस, पॉवर बँक पूर्ण भरून घ्या. नंतर लॅपटॉप बंद करून डब्यात, सगळ्या तारा भिंतीपासून सुट्या. अ डिस्क डब्यात, ब डिस्क स्थलांतराच्या पिशवीत कागदपत्रांबरोबर. आणि मग संगणकाचा विचार सोडा. माणसं, गुरं, होडी यांचं बघा.

पायरी ९: आपत्ती जाहीर कोण करणार?

४८ तासांवर विक्री बंद करायची राहूनच गेली तर काय होतं पाहा. तारकर्लीत वीज नाही, रेंज नाही, पण बुकिंगची संकेतस्थळं तुमच्या खोल्या विकतच राहतात. रोज नवे पाहुणे पैसे भरत राहतात आणि तुम्हाला ते कळायला मार्ग नसतो. रेंज आल्यावर चाळीस रागावलेले संदेश आणि परताव्यांची रांग. त्या कुटुंबाचं यात खूप नुकसान होतं आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

त्यासाठी एक वाक्य लिहून मुंबईच्या माणसाकडे द्या: ‘इशारा लागू असताना आमचा फोन सहा तास लागला नाही, तर आम्हाला न विचारता सूत्रं हातात घ्यायची.’ सूत्रं म्हणजे चार कामं, याच क्रमाने: विक्री बंद करणं; यादीतल्या पाहुण्यांना फोन; ॲडव्हान्स पुढच्या तारखेला वळवायचा की परत करायचा ते ठरलेल्या नियमाने सांगणं; आणि हे सगळं तारीख-वेळेसह वहीत लिहिणं. संकेतस्थळांवर त्या माणसाचं स्वतःचं लॉगिन काढून ठेवा, म्हणजे ओटीपीसाठी तुमच्या बंद फोनची वाट पाहावी लागणार नाही. शेअर बाजाराच्या त्या दिवशी पर्यायी केंद्राची उणीव नव्हती, तिकडे जायचा निर्णय झाला नाही. घरच्या पातळीवरही निर्णयच अडतो, आणि ‘येईल वीज तासाभरात’ म्हणत दोन दिवस जातात.

वीज परत आल्यावर घाईने लॅपटॉप जोडू नका. पहिल्या तासांत दाब वर-खाली होतो. अर्थिंग बघा, ओल सुकू द्या, मग आधी मुंबईची वही आणि आपली कागदी यादी ताडून एक करा, त्यानंतरच विक्री उघडा.

पायरी १०: वर्षातून दोनदा तालीम

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या आणि त्यातली एकही धड चालत नव्हती. काही तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्याच. बॅकअप घेणं आणि बॅकअप परत उतरवणं ही दोन कामं आहेत, आणि दुसरं करून पाहिल्याशिवाय पहिल्याला काही किंमत नाही. आपल्या राष्ट्रीय शेअर बाजारानेही २ मार्च २०२४ च्या शनिवारी खास सत्र ठेवून मुख्य केंद्रावरचे व्यवहार दिवसाच पर्यायी केंद्रावर हलवून पाहिले.

अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात: फयान नोव्हेंबर २००९, निसर्ग जून २०२०, बिपरजॉय जून २०२३. म्हणून तालीम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरची तालीम सावकाश करता येते, कारण जून ते ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात आणि हंगाम नुकताच सुरू होत असतो.

तालीम अशी. मुख्य लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावा. जुना लॅपटॉप काढा. फक्त ब डिस्क आणि वही वापरून टॅली परत उतरवा, मागच्या आठवड्याची शिल्लक वहीशी जुळते का पाहा, बुकिंगची फाइल उघडा. घड्याळ लावा. त्याच दिवशी तारकर्लीचे सगळे फोन तासभर बंद ठेवून मुंबईच्या माणसाला पायरी ९ ची चारही कामं करू द्या. विक्री एका रिकाम्या खोलीपुरती बंद केली तरी पुरे. जे अडेल ते वहीत लाल शाईने लिहा. पहिल्या तालमीत बरंच अडतं: पासवर्ड जुना निघतो, टॅलीचं लायसन्स दुसऱ्या यंत्रावर चालू करायचं राहिलेलं असतं, डिस्कची केबल सापडत नाही. हे सप्टेंबरात सापडलेलं चांगलं.

खर्चाचा प्रश्न उरतो. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी डिस्क घ्या, इन्व्हर्टर नंतर. वीज नसली तर एक संध्याकाळ कंदिलात निघते आणि पाहुणेही समजून घेतात. नोंदी गेल्या तर कोणाचे किती पैसे आपल्याकडे आहेत हेच सांगता येत नाही, आणि तारकर्लीत परत येणारा पाहुणा त्याच विश्वासावर येतो.